हिरू नावाडीण कुठे गेली

“ह्ये मी लिवलाय,” भोईरमामा म्हणाले. “चौथ्या भागात, शेवटाला. नीट बघ, पोरी.”

मी नीट बघितलं होतं. दोनदा. चौथा भाग माझ्यासमोर टेबलावर उघडा होता आणि त्यात हिरू नावाडिणीचं नाव एकदाही आलं नव्हतं.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका छोट्या प्रकाशनात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. लाल पेन, पट्टी आणि चष्मा ही माझी हत्यारं. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर शिलाई मशीनच्या आवाजाने माझं टेबल थरथरायचं. लोडशेडिंग झालं की मशीनं थांबायची आणि आमचा कॉम्प्युटरही बंद पडायचा. मग मोहन सेठ, म्हणजे आमचे मालक, घरून आलेलं दाल-पकवान उघडायचे आणि सगळ्यांना बोलवायचे. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मी अंबरनाथहून कधी तिकडे गेलेच, तर उगाच वर बघते.

आमचं सगळ्यात चाललेलं पुस्तक म्हणजे भोईरमामांची ‘खाऱ्या देशाची गाथा’. मामा सोनिवलीचे. आयुष्यभर जांभूळच्या पाण्याच्या पंपावर ड्युटी केली आणि पंपाच्या घरघरीत बसून कादंबऱ्या लिहिल्या. आजोबा मिठागरात राबलेले, म्हणून मामांच्या राज्यात मिठाचे डोंगर, मिठाचे किल्ले आणि भरतीला बोलणारी खाडी. तलवारी होत्या, शाप होते, हरवलेले जुळे राजपुत्र होते. सहा भाग झाले होते आणि सातवा शेवटचा होता.

इतकी लांबण लागली की धागे सुटतात. दुसऱ्या भागात मेलेला घोडा पाचव्या भागात खिंकाळला, तो मीच पकडला होता. म्हणून मी एक वही ठेवली होती. कोण कुठे आहे, कोण मेलं, कुणाचा डोळा कुठला फुटला. तीत मागच्या पानांवर वाचकांचे प्रश्न उतरवलेले. पोस्टकार्डं यायची ना. बोलणारी खाडी गप्प का झाली? शाप देणारा म्हातारा कोण होता? आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न: हिरूचं काय झालं?

हिरू तिसऱ्या भागात येते. वादळात राजपुत्राला खाडीपार सोडते, होडी वळवते आणि कथेतून जाते ती जातेच. पार वांगणीपासून बायका विचारायच्या. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवत असे: “आपल्या प्रश्नाचे उत्तर पुढील भागात मिळेल.” सातव्या भागाला पुढचा भागच नव्हता. त्यामुळे मामांना बोलावून, सगळे प्रश्न समोर ठेवून, हिशेब मिटवायचा असं ठरलं होतं.

आणि पहिल्याच प्रश्नाला हे झालं.

मामांनी पुस्तक माझ्यासमोरून उचललं. छापलेलं पुस्तक ते कधी उघडत नसत. लिहून दिलं की त्यांच्यासाठी ते संपायचं. त्यांनी शेवटचं पान बघितलं, त्याआधीचं बघितलं, मग बोटाला थुंकी लावून पाठीमागून एकेक पान उलटत राहिले. शेवटी पुस्तक मिटलं.

“म्हंजे मना वाटला, लिवला,” ते म्हणाले.

“होतं असं, मामा. इतकं लिहिलंय तुम्ही.”

“माझ्या थोरल्या भावाचा असाच सुरू झाला होता. झालेला आठवायचा नाय, नि न झालेला आठवायचा. शेवटाला सोताच्या घरात बसून इचारायचा, मना घरी कवा नेणार.” त्यांनी सातव्या भागाचं बाड पिशवीत परत घातलं. “ह्ये छापू नको. काय बरोबर हाय, काय चूक, मनाच ठाव नाय.”

मोहन सेठ केबिनमधून बाहेर आले. “अरे साईं, एक नावाडीण के लिए बुक बंद करते क्या? दोन लाईन लिहून टाका, मर गई म्हणून.”

मामांनी पिशवी उचलली. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी ते कठडा धरत नसत.

मला त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच कामात लक्ष लागेना. वही चाळली, तर वहीतही हिरू तिसऱ्या भागातच संपलेली. पण वही मी छापील पुस्तकावरून केली होती. मामांच्या हस्तलिखितावरून नाही. हे डोक्यात आल्यावर मी शिपायाला पोटमाळ्यावरून चौथ्या भागाचं बाड काढायला सांगितलं. जुनी हस्तलिखितं आम्ही जीन्सच्या कापडाच्या काठांनी बांधून ठेवायचो. त्या चिंध्या खालून फुकट मिळत.

बाड सोडलं. शेवटची दोन पानं काढली. मामांचं तिरकं, दाट अक्षर. पहिल्याच ओळीत हिरू होती.

दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं, “जागा नाही. काढले.” खाली सही. सही माझी.

हे कसं झालं ते सांगायला फर्मा म्हणजे काय ते सांगावं लागेल. पुस्तकाचं एकेक पान वेगळं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि कागद दुमडून कापतात. या सोळा पानांना फर्मा म्हणतात. चौथा भाग पंधरा फर्म्यांत बसत होता आणि दोन पानं वर जात होती. त्या दोन पानांसाठी अख्खा सोळावा फर्मा लावावा लागला असता. अशा वेळी आमच्याकडे रीतच होती, मजकूर थोडा छाटून फर्म्यात बसवायचा. मी ते काम चांगलं करायचे. सेठ कौतुक करायचे, “मॅडम की कैंची देखो.” मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

लेखकाला विचारून छाटायचं, हाही नियम होता. पण त्या महिन्यात मामी हॉस्पिटलमध्ये होत्या. मामा फोनवर म्हणाले होते, “तूच बघ, पोरी.” मी बघितलं. लढाई संपली होती, राजपुत्र गादीवर बसला होता. नावाडिणीची दोन पानं कुणाला हवीत, असं मला वाटलं असणार. वाटलं असणार म्हणते, कारण मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मामी त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. नंतर मामांना असल्या गोष्टी सांगायची वेळ आलीच नाही आणि मग मी ते विसरून गेले. विसरभोळी मी, आणि वेड लागायची धास्ती मामांना.

मी पानं सेठना दाखवली.

“मत बताओ,” ते म्हणाले. “बोलो, टायपिंग में रह गया. तो जुना ऑपरेटर गेला ना दुबईला, त्याच्यावर टाक.”

“सेठ, त्यावर माझी सही आहे.”

“तो सही वाला कागज मत दिखाओ ना. नवीन लिहून ने.”

सेठ वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते. आणि खोटं कशाला सांगू, बदलापूरला उतरून सोनिवलीच्या शेअर रिक्षात बसेपर्यंत त्या ऑपरेटरचं नाव माझ्या जिभेवर होतं. मामा मला पोरी म्हणायचे. माझ्या लग्नात त्यांनी स्वतःच्या शेतातल्या तांदळाची गोणी पाठवली होती. त्या माणसासमोर ही लाल रेघ ठेवायची होती.

मामा ओटीवर बसले होते. मी पानं त्यांच्या हातात दिली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. “तुम्ही लिहिलं होतं, मामा. मी काढलं. फर्म्यात बसत नव्हतं म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, ओठ हलवत. हिरू तीन दिवसांनी घरी पोचते. राज्य वाचलंय, नगारे वाजतायत. तिच्या घरी कुणालाच ठाऊक नाही ती कुठे होती, ती सांगतही नाही. ओलं लुगडं वाळत घालते, चूल पेटवते. नवरा विचारतो, “आलीस?” ती म्हणते, “आले.” बस, एवढंच.

मामांनी दोन्ही पानं मांडीवर ठेवली. मी शिव्या खायच्या तयारीने उभी होते.

“ह्ये मी तिला वाचून दाखवला होता,” ते म्हणाले. “हॉस्पिटलात. ती बोलली, बरा झाला, बाई घरी आली. हसली पण.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “परवा पुस्तकात नाय दिसला, तवा मना वाटला, त्ये पण मीच मनानी रचला. ती हसलीच नव्हती.”

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. मामांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

निघताना त्यांनी सातव्या भागाचं बाड परत माझ्या हातात दिलं. “ही दोन पानं शेवटाला लाव. जशी हायत तशी.”

“आणि बाकीचे प्रश्न? खाडी? शाप देणारा म्हातारा?”

“त्ये खरंच मना ठाव नाय,” ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

हिरूची दोन पानं लावल्यावर सातवा भाग बरोबर दोन पानांनी फर्म्याबाहेर गेला. सेठनी पानं मोजली, माझ्याकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते कात्रीचं नाव काढलं नाही. “लगाओ फर्मा,” म्हणाले. शेवटची चौदा पानं कोरी गेली.

पुस्तक निघाल्यावर वांगणीच्या एका बाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते: “हिरू आली.” मी ते मामांना नेऊन दिलं. त्यांनी ते मामींच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी छाटलेला प्रत्येक मजकूर लेखकाला टपालाने पाठवत गेले, एका ओळीचा का असेना. बहुतेक जण उत्तर देत नसत. एकदोघांनी तर विचारलं, हे आमचं आहे का?