राखेतले वाल

शेजारची सून काल खातेगांवहून आली आणि मूठभर वाल देऊन गेली. "काकी, बीज के हैं, बनाना मत," एवढंच म्हणाली. वाल राखेत घोळलेले होते. तो वास नाकात गेला आणि मी आमच्या देवासच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

आईचे तेरा दिवस होऊन आठवडा झाला होता. मला रडू येत नव्हतं आणि भूकही लागत नव्हती. हात रिकामे नकोत म्हणून मी डबे आवरत होते. अगदी मागच्या डब्यात राखेत ठेवलेले वाल सापडले. मी ते धुतले, भिजवले, फडक्यात बांधून ठेवले. दोन दिवसांनी एकूणएक दाण्याला मोड आले. सोलून, गूळ-आमसूल घालून बिरडं केलं.

नाना, माझे वडील, खाली मान घालून जेवले. ताट संपल्यावर म्हणाले, "ते बियाणं होतं. तुझी आई दरवर्षी कुंपणाला लावायची."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मोड आले होते ना. आता कशाला सांगायचं? अजून थोडं वाढ."

मी वाढलं. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. भांडं रिकामं झालं तसं मी ते घासायला टाकलं.

काल वाल हातात घेऊन मी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी होते. त्या दिवसापर्यंत नानांनी जन्मात कधी बिरडं खाल्लं नव्हतं.