आबांच्या फोनवर आलेल्या शुभेच्छा

आता माझा येडेपणा तुम्हाला न्हाई सांगायचा तर कुणाला? चहा घ्या, पण हसू नका. बरं, हसा!

भोकरदनला घरी बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. शेतीचं ॲप हाय. नवी सोय आधी ॲपमध्ये झाकून ठेवायची, तिन्ही टीम 'झालं' म्हणल्या की बटण चालू करायचं. त्याला म्हणतात फीचर फ्लॅग. अन् ते बटण माझ्याकडं! लई तोरा होता मला.

त्या दिवशीची सोय होती वाढदिवसाच्या शुभेच्छांची. मेसेजवाले म्हणले, झालं. ॲपवाले म्हणले, झालं. यादीवाल्या सुलभाताईंना मी तीनदा विचारलं, "वारलेल्यांची नावं काढली ना? कुणाच्या घरी रडारड नको."

"काढली हो!"

दाबलं बटण.

दहा मिनिटांत आई आली, हातात आबांचा मोबाइल. आबा म्हणजे माझे वडील, आमचंच ॲप वापरायचे, दिवाळीआधीच गेले. आई त्यांचा फोन अजून रोज चार्जिंगला लावती.

"बघ रे, काय आलंय."

'उत्तमरावजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा! आपणास दीर्घायुष्य लाभो.'

दीर्घायुष्य! आपल्या घरी हे, तर आणखी किती घरी? घाबरून दिसंल ते बटण बंद केलं. तिन्ही टीमची आठवडाभराची मेहनत झाकली गेली. मंग कॉलवर आबांचा नंबर देऊन सगळ्यांसमोर सुलभाताईंवर तोंड सोडलं, "मेलेल्या माणसाला शुभेच्छा पाठवून राह्यले तुम्ही! घरच्यांना काय वाटत असंल?"

त्यांनी शांतपणे यादी बघितली. "दादा, ज्यांच्या घरून कळवलं, ती सगळी नावं काढलीत. या एकाच नंबरचा माणूस गेल्याचा फॉर्म आलेला नाही. घरच्यांना विचारता का?"

घरचा म्हणजे मीच की! दुसऱ्या कुणाला विचारू?

आई दारातच उभी. "कशाला वरडतो त्या बाईवर? तिला याद तरी राह्यली. तू सकाळपासून एकदा तरी म्हणला का, आज आबाचा वाढदिवस हाय म्हणून?"

न्हवतो म्हणलो. विसरलो होतो हो, बिलकुल विसरलो होतो! कॉल चालू असतानाच रडू फुटलं.

दुपारपर्यंत तिन्ही टीमनी आपापलं सगळं बराबर केलं. एकच काम अडकलंय, त्या फॉर्मवर आबांच्या नावापुढं 'मयत' लिहायचं. ते माझ्याकडं हाय.

सुलभाताई दर सोमवारी विचारतात, "दादा, झालं का?"

मी म्हणतो, "करून राह्यलो."