युसूफच्या हातावरचा काळा टॅग

आफ्रिकेतल्या शांतिसेनेत आमच्या कंपनीकडे एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या तंबू-दवाखान्याचा पहारा होता. मी नायब सुभेदार, गाव लोहा. माझ्या प्लाटूनमधला नायक युसूफ देवणीचा. कंपनीत मराठवाड्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे गावाकडचं बोलायची हौस एकमेकांवरच भागवायचो.

पहिल्याच दिवशी तिथल्या परदेशी डॉक्टरबाईंनी आम्हाला ब्रीफिंग दिलं. अशा संस्थांची सुरुवात रणांगणातूनच झाली, असं त्यांनी सांगितलं. युरोपात एका लढाईनंतर जखमी तसेच तडफडत पडले होते. गावकऱ्यांनी कोण कुठल्या बाजूचा हे न विचारता त्यांना पाणी पाजलं, जखमा बांधल्या. तोच नियम इथंही होता. हत्यार फाटकाबाहेर ठेवायचं. जो वाचू शकतो त्याला लाल टॅग, ऑपरेशन आधी त्याचं. ज्याची आशा नाही त्याला काळा.

"दुश्मनाला बी लाल?" युसूफ माझ्या कानात म्हणाला. "लई मोठं काळीज हाय बाईचं."

मीही मान डोलावली. ब्रीफिंगमध्ये मान डोलवायला काय जातं?

महिनाभर सगळं शांत होतं. मग एका सकाळी आम्ही पाण्याच्या टँकरला एस्कॉर्ट देत असताना बंडखोरांनी फायर उघडला. युसूफच्या पोटात गोळ्या घुसल्या. त्याच्यावर गोळ्या झाडणाराही आमच्या गोळीनं मांडीत जखमी होऊन पडला.

मी रेडिओवर कळवलं, "दोन कॅज्युअल्टी. एक आपला, एक त्यांचा. ओव्हर."

"दोघांना आणा. आउट."

फाटकावर रायफल ठेवून मी स्ट्रेचरमागे धावलो. बाईंनी दोघांना तपासलं. बंडखोराच्या मनगटाला लाल टॅग बांधला, युसूफच्या काळा. युसूफला वेदना थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि ऑपरेशनला नेलं ते दुसऱ्याला.

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, माय मॅन फर्स्ट!" मी ओरडलो.

"तो वाचणार नाही," त्या इंग्रजीत एवढंच म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या.

आपल्या माणसाच्या हाताला काळा टॅग लागेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

इंजेक्शननं युसूफला जरा बरं वाटलं. "साहेब, दुखणं कमी व्हायलंय. माझाच नंबर आधी लागला का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग बाईला म्हणा, आता त्याला बी बघा."

थोड्या वेळानं तो गेला.

देवणीत दफन झाल्यावर मी त्याच्या अब्बांजवळ बसलो. ते शिंपीकाम करायचे.

"त्यो गोळी मारणारा?" त्यांनी विचारलं.

"जगला, अब्बा. त्याच दवाखान्यात."

"मंग माझ्या लेकराला कामून न्हाई वाचवलं?"

उत्तर मला पाठ होतं. तो नियम मी आजही बरोबरच मानतो. पण त्या बापाच्या तोंडाकडं बघून मी त्यांचे हात धरले आणि गणवेशात, साऱ्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडलो. शेवटी त्यांनाच मला पाणी द्यावं लागलं.