चांदे गावी नेलेला हिराबोळ

मुळशीहून सकाळची एसटी धरली तेव्हा धरणावर धुकं होतं. खिशात फडक्यात बांधलेला हिराबोळ (बाळंतिणीला द्यायचा कडू डिंक) होता. माझी कारभारीण श्रावणात गेली. जाण्याआधी म्हणाली, "मार्था बाळंत झाली की हे तिला द्या." मार्था नर्स. आमच्याकडे भाड्याने राहायची, हिला सुया तीच टोचायची. आता चांद्यात असते, तिथंच बाळंत झाली.

घरात मयत झालं की वर्षभर बाळाच्या घरी जाऊ नये, असं आमच्यात मानतात. म्हणून ठरवलं, दारातूनच द्यायचं आणि फिरायचं.

घोटावडे फाट्याला रिक्षात बसलो आणि डोळा लागला. जाग आली तर समोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती.

"चांदं कुटं गेलं रं?"

"मागं ऱ्हायलं. नोकरीला निघाला काय आजोबा?" रिक्षावाला हसला.

"व्हय, तुझ्याच जागी. झोपलेलं माणूस तरी उठवीन."

उतरलो आणि चालत मागे आलो.

नाताळ होता. मार्थाच्या दारावर कागदाची चांदणी. मी उंबऱ्याबाहेरूनच पुरचुंडी पुढे केली.

"बाबा, आत या ना."

"न्हाई पोरी. मी दुःखातला माणूस हाय."

तिने पुरचुंडी हुंगली. "अहो, हा तर बायबलातला गंधरस!" मग कोपऱ्यातला मातीचा गोठा दाखवला. म्हणाली, येशू जन्मला तेव्हा लांबून ज्ञानी लोक आले. सोनं आणलं, राजाला देतात म्हणून. ऊद आणला, देवापुढे जाळतात म्हणून. आणि गंधरस. तो मढ्याला लावायचे.

"बाळापाशी मढ्याचं सामान? अक्कल न्हवती काय त्यांना?"

"होती बाबा. हे बाळ माणसासारखं मरणार, हे त्यांनी ओळखलं होतं."

"आन् आईनं?"

"ठेवून घेतलं. दारातून परत नाही पाठवलं कुणाला."

मी चपला काढल्या.

हिराबोळ बोटांनी फोडला, गुळात गोळी करून तिला दिली. तिने तोंड वाकडं करत गिळली. मग मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. ती लगेच धोतरावर मुतली.

"झाली ओळख," मार्था म्हणाली.

येताना तिने करंज्या बांधून दिल्या. एसटीत मनात तेच घोळत होतं. दुःख घेऊन कुणाकडे जाऊ नये, असं मी समजत होतो. ते लोक तर तेच घेऊन गेले, तेही पाळण्यापाशी.

घरी आलो. बोटांना हिराबोळाचा वास येत होता, बाळंतिणींच्या गोळ्या वळून कारभारणीच्या हातांना यायचा तोच. हात न धुता करंजी खाल्ली. कडू लागली. दुसरीही खाल्ली.