बाबांची दुपारची घरं

शेजारच्या बोरकर काकूंचा फोन आला तेव्हा मी नागपूरला ऑफिसात होते. "तुझे बाबा उठून नाही राहिले, बेटा," एवढंच त्या म्हणाल्या. मी भिलाईला पोचले तोवर रिसाली भागातल्या आमच्या घरात माणसं जमली होती. त्याला आता दीड महिना झाला. दुपारी जेवून आडवे झालेले बाबा झोपेतच गेले. सगळे म्हणतात, मरण चांगलं आलं. असेल. मला मात्र त्यांच्या दुपारच्या झोपेबद्दल एक गोष्ट सलते, ती आज सांगून टाकते.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. खाली रसरशीत लोखंड, वर केबिनमध्ये हे एकटे, आणि पूर्ण शिफ्टभर नजर हलवायची सोय नाही. पहिली शिफ्ट करून तीनच्या सुमारास घरी यायचे, जेवायचे आणि फोन घेऊन पलंगावर पडायचे. फोनवर काय, तर विकायला काढलेली घरं. कुठलीही… पचमढीचं कौलारू, कोकणातलं समुद्राजवळचं, कुठल्याशा डोंगरावरचं दोन खोल्यांचं. किंमत कधी पाहायचे नाहीत. एकेक फोटो मोठा करून त्या घरात हिंडायचे. या खिडकीशी बसून चहा, इथे तुझं टेबल, या ओट्यावर आईचे पापड, अशी सगळी मांडामांड मला ऐकवायचे. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण तिच्यासाठी प्रत्येक घरात ओटा असायचाच. अर्ध्या तासात त्यांचे डोळे मिटायचे आणि चेहरा इतका निवांत व्हायचा की मी टीव्ही बंद करून टाकायची.

मी तेव्हा भिलाईतच नोकरी करत होते, आणि स्वभावाने मनात आलं की करून मोकळी होणारी. मला वाटलं, माणूस रोज घरं पाहतो म्हणजे त्याला घर हवंय, भिडेपोटी बोलत नाही इतकंच. चिखलदऱ्याचं एक घर ते पुन्हा पुन्हा उघडायचे. रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं. मी परस्पर फोन केला, सुट्टी काढली, आणि फिरायला जाऊ म्हणून त्यांना थेट त्या घराच्या दारात नेऊन उभं केलं. काय खूश होते मी स्वतःवर.

त्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्याच राहत होत्या. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, म्हणून घर विकायचं. त्यांनी चहा केला, खोल्या दाखवल्या, विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही हे सांगितलं. निघताना परसातल्या आवळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे झाड ठेवाल न, भाऊ?" बाबा म्हणाले, "ठेवीन, माय." परतीच्या वाटेवर मी छपराच्या दुरुस्तीचं बोलत राहिले. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

ते घर घेतलं नाहीच, आणि त्यानंतर बाबांनी घरं पाहणंही सोडलं. शिफ्टवरून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. झोप लागलेली नाही, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळायचं. महिनाभर थांबून शेवटी विचारलं.

"आता घर दिसलं का त्यातला माणूस दिसते, बेटा. कोण चाललं, काहून चाललं… आराम नाही होत."

मी म्हटलं, घ्यायचं नव्हतं तर पाहत कशाला होता?

"थकून येत होतो न. घडीभर कुठंतरी जाऊन येत होतो."

त्यात राग नव्हता. त्यांची एकुलती एक विश्रांती मी प्रेमाने, सुट्टी काढून, मोडून टाकली होती. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

आता रिसालीचं घर मलाच विकावं लागतंय. मागच्या आठवड्यात दलाल म्हणाला, खोल्या रिकाम्या करा, फोटो मी काढतो. मी त्याला परत पाठवलं. ऊन खोलीत उतरेपर्यंत थांबले, पडदे बाजूला सारले, बाबांची वेताची खुर्ची खिडकीशी ओढली आणि फोटो स्वतः काढले. दलालाला एकच बजावलं: मालक वारले, मुलगी परगावी असते, यातलं एक अक्षरही लिहायचं नाही. तो म्हणाला, लोक विचारतातच. घ्यायला येतील त्यांना सांगेन, म्हटलं. पण कुठेतरी कोणी कामावरून दमून येईल, पडल्या पडल्या हे फोटो मोठे करून पाहील, त्या खुर्चीत जरा बसेल… इथून कोणी गेलंय, हे त्याला कळता कामा नये.