घुबड की मोर: एका रोमन देवीच्या मागे खानदेशात

जळगावच्या एका सराफांनी व्हॉट्सॲपवर एका नाण्याचा फोटो पाठवला, तेव्हा माझ्यासमोर खुर्चीत एक काका आ वासून बसले होते. मी दातांची डॉक्टर, मुक्काम पुणे. काकांना म्हटलं, "असेच थांबा," आणि फोटो मोठा करून पाहिला. हातात भाला घेतलेली देवी, खांबाच्या माथ्यावर उभी, पायाशी एक पक्षी. काका बिचारे तसेच थांबले. मी मात्र मनातल्या मनात जळगावचं तिकीट काढून बसले होते.

ज्यांना जुन्या नाण्यांच्या वेडाची लागण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोमिशियन नावाचा एक रोमन सम्राट होता. त्याची मिनर्व्हा या देवीवर भारी भक्ती. चांदीच्या नाण्यांवर त्याने तिला पुन्हा पुन्हा पाडून घेतलं, त्यात चार तऱ्हा ठरलेल्या. तीन माझ्याकडे आहेत. चौथीत देवीच्या पायाशी घुबड असतं, आणि ती मला कधी परवडली नाही, कधी माझ्या आधी दुसऱ्यानेच उचलली. आता ती जळगावात! सराफांनी खाली लिहिलं होतं, "लवकर या. देव उजळायला आलेत, हा टाक मोडायचा आहे."

टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा छोटा पत्रा, त्यावर देवाची आकृती उठवलेली. घरात लग्न निघालं की देव सोनाराकडे उजळायला देतात, झिजलेले टाक मोडून त्याच चांदीचे नवे करतात. कुण्या घरात हे रोमन नाणं पिढ्यान्‌पिढ्या टाक म्हणून पूजलं जात होतं, आणि आता ते मुशीत जाणार होतं.

पुण्याहून रेल्वेने सकाळी जळगाव गाठलं. स्टेशनजवळ हजाराच्या आसपास बऱ्या खोल्या मिळतात, गरम पाण्याची मात्र आधी खात्री करून घ्या. मी घेतली नाही आणि डिसेंबरात कुडकुडत आंघोळ केली. सराफ बाजार सावकाश उघडतो, म्हणून तोवर पोहे आणि दोन चहा.

सराफभाऊ पन्नाशीचे, बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्के. त्यांनी लाल फडकं उलगडलं. खंडोबा, भवानी, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून माझी मिनर्व्हा! रोज घासून घासून तिचं नाक गेलेलं, भाला उरलेला. झिजलेल्या दाढा बघण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे पक्षी मला लगेच ओळखू आला. गोल डोकं, समोर बघणारे दोन डोळे. घुबड, शंभर टक्के.

"भाऊ, द्या मला. म्हणाल ती किंमत."

"ताई, वस्तू गिऱ्हाइकाची. आणि देवाची चांदी घराबाहेर देत नाहीत आमच्याकडे. उद्या देव पोचवायला मीच जातोय. मोडायच्या आधी घरच्यांच्या तोंडून एकदा 'मोडा' असं ऐकायचंय मला. चला सोबत, तुम्हीच विचारा."

नाणी जमवणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देऊन टाकते. घरातलं वडिलोपार्जित नाणं वेगळं. शेतात, पायाभरणीत सापडलेलं कुणी दाखवलं तर घेऊ नका, ते सरकारला कळवावं लागतं. असो. संध्याकाळी भरीत खाल्लं. हिरव्या पांढुरक्या वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पातीचा कांदा. दोनशेच्या आत पोट तुडुंब. जिवाला घोर होता तरी दुसरी भाकरी मागून घेतली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या गाडीतून धुळ्याच्या दिशेने निघालो. एरंडोल, पारोळा. रस्ता आता छान झालाय, दोन तासांत धुळं येतं. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बायका, मधेच केळीचे ट्रक. लाल फडकं भाऊंनी माझ्या मांडीवर दिलं होतं. "देव डिकीत ठेवत नाहीत," म्हणाले. देवी मांडीवर आणि ती आपली नाही, काय छळ हो हा!

धुळ्याच्या अलीकडे एक फाटा आत जातो. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. दारात मांडव घालायचं चाललं होतं. देवांवरून पाणी ओवाळलं, मला कुंकू लावलं, घोटभर पाणी होईतो चहा आलाच. घर अक्कांचं. साठीच्या, बारीक अंगाच्या, फारसं न बोलणाऱ्या. नवरा मागेच वारलेला, लग्न धाकट्या लेकीचं. ते नाणं अक्कांनी माहेराहून आणलेलं, हे भाऊंनी वाटेत सांगितलं होतं. मोडायचा हट्ट कुणाचा, ते तिथे पोचल्यावर कळलं. त्यांच्या नणंदेचा.

नणंदबाईंनी मला पुरतं बसूही दिलं नाही. "डॉक्टरबाई, तुम्ही शिकेल शेतस. खरं सांगा, ते घुबडच शे ना? मी केव्हापासून सांगी ऱ्हायनू, देव्हारामा घुबड नको. हाई घरमा वनं, आनि पहा, मना भाऊ गया, विहीर आटनी. बठ्ठं यानाच पायी." बठ्ठं म्हणजे सगळं.

अक्का खाली मान घालून लाल फडक्याची घडी करत होत्या. "मोर शे," एवढंच म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की मीच ऐकला असेल.

आता बघा माझी गंमत. "घुबड" म्हटलं की संपलं. ते नाणं घरात क्षणभर राहिलं नसतं. मुशीतसुद्धा गेलं नसतं, कारण पक्कं घुबड ठरल्यावर त्याची चांदी नव्या देवात कोण मिसळणार? माझ्याच ओंजळीत टाकून वर उंबऱ्यावर पाणी शिंपडलं असतं. आणि शब्द खरा होता. मला खोटं बोलावंच लागणार नव्हतं! पण मग नवरा गेला तोही अक्कांमुळे, विहीर आटली तीही अक्कांमुळे, आणि हे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी शिक्का मारून सांगितलेलं. उद्या लेकीच्या संसारात भांडं वाजलं तरी बोट अक्कांकडेच जाणार.

मी भिंग काढलं. उगीच. मला काय बघायचं होतं? सगळे बघत होते म्हणून बराच वेळ डोळ्याला लावून बसले.

"मोर आहे," मी म्हटलं. "तुरा झिजलाय फक्त."

"आनि पिसारा?" नणंदबाई कसल्या सोडतात!

"मिटलेला आहे."

भाऊंना एकाएकी ठसका लागला. नणंदबाईंनी भिंग माझ्या हातातून घेतलं, एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. मग म्हणाल्या, "मोर शे तं मोडतस कसाले? राहू द्या." अक्कांनी देवी उचलली, पदराने पुसली आणि देव्हाऱ्यात भवानीशेजारी नेऊन ठेवली. मोर झालेलं नाणं आता विकत कसं मागणार? मी हात जोडले. मनापासून जोडले आणि मनापासून चरफडलेही, दोन्ही एकाच वेळी. जेवणात खापरावरची पुरणपोळी होती, तिच्यावर तूप ओतताना अक्का थांबतच नव्हत्या.

भाऊंनी मला धुळ्याला सोडलं. धुळ्याहून पुण्याला बस भरपूर आहेत. नाशिकपर्यंत रस्ता मस्त, पुढे ट्रॅफिकचं तुमचं नशीब. घरी नवऱ्याने विचारलं, "मिळाली का चौथी?" म्हटलं, "मिळाली आणि देऊन आले." तो बराच वेळ हसला. मला नाही हसू आलं. नाण्यांच्या ट्रेमधली चौथी जागा रिकामीच आहे, वाईट वाटतं, रोज वाटतं. अशी दुसरी मला मिळेल असं वाटत नाही.

लग्न पार पडल्यावर अक्कांचा फोन आला. लेक रडली, जावई चांगला आहे, नणंदबाई मोराला सगळ्या पाहुण्यांना दाखवत होत्या. मग म्हणाल्या, "एक सांगू का डॉक्टरबाई? ते घुबडच शे. मी रोज त्याले हातमा लेस. माले डोया नईत का?"

मी गॅस बंद केला.

"मनी मायनी देयेल शे ते. घुबड शे तं घुबड." पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी आवाज खाली घेतला. "आनि तुमले ते पाहिजे व्हतं, तेबी माले माहीत व्हतं. तरी तुम्ही मोर म्हणनात."

फोन कानाला तसाच धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मुळूमुळू रडले.