कोरोना आणला कोणी?

कोरोनाच्या काळात सिरो सर्व्हेच्या ड्यूटीवर असलेले आम्ही चौघं एखाद्या लग्नात भेटलो, की ताटातलं जेवण थंड होतंच. एकानं किस्सा काढला की दुसऱ्याचे दोन तयार!

तेव्हा लस यायची होती. ठरलेल्या घरांत जाऊन रक्त घ्यायचं. अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे त्या माणसाला कोरोना येऊन गेला. सरकारला हवं होतं, किती जणांना झाला. गावाला एवढंच हवं होतं, आणला कोणी? मी लॅब टेक्निशियन. सोबत डॉक्टर मॅडम, आशाताई आणि ड्रायव्हर गजाननभाऊ.

उंद्री गावात मधली घरं सोडून पुढचं घर घेत होतो. एक आजोबा थेट गाडीपुढे उभे! "शेजाऱ्याचं रक्त घेतलं, आमचं काऊन नाही? आमाले वाळीत टाकलं का?" मॅडमनी नियम समजावला. आजोबा म्हणाले, "लग्नाची पत्रिका अशी घरं सोडून वाटता का?" शेवटी त्यांच्याकडे चहा प्यावा लागला, तेव्हा गाडी हलली.

जानेफळजवळच्या एका गावात एका काकांनी लॉकडाऊनमध्ये वेशीवर बाभळीचे काटे टाकले होते. सख्खा जावई परत पाठवला! "कोरोनाले गावात पायच ठेवू देला नाही." निकाल आले. गावात जिकडेतिकडे अँटीबॉडी, आणि काकांच्या अंगातही! काका ओट्यावर मटकन बसले. "मंग जावई काऊन परत पाठवला बे मी?" जावई अजून बोलत नाही म्हणे.

एका गल्लीत कुणीतरी सांगून ठेवलं, अँटीबॉडी आल्या म्हणजे पास. एका घरी चक्क पेढे वाटले! अँटीबॉडी न आलेला शेजारी तोंड पाडून विचारतो, "मॅडम, फेरपरीक्षा कवा?"

आमचे गजाननभाऊ तर गाडीतून उतरतच नसत. पाणी घरचं, डबा घरचा, स्टिअरिंगला दिवसभर सॅनिटायझर. मॅडमनी गमतीनं त्यांचंही रक्त घेतलं. अँटीबॉडी भरपूर! भाऊंचा चेहरा पांढराफटक. "मले? मॅडम, काचा तं बंद होत्या!"

आणि जळगाव जामोदकडचं ते घर. सून माहेरून आली, आठवडाभरात सासरे कोरोनानं गेले. तेव्हापासून 'हिनंच आणला' म्हणून तिचं ताट वेगळं, झोपणं गोठ्यालगतच्या खोलीत, आणि घरातल्या माठाला हात लावायचा नाही. आम्ही गेलो तर सासूच म्हणाली, "पह्यले हिचं घ्या."

निकाल घेऊन मॅडम स्वतः गेल्या. ज्याचा निकाल त्यालाच सांगायचा, म्हणून सुनेला बाजूला बोलावलं. ती जागची हलली नाही.

"अथीच सांगा मॅडम. सगळ्याइसमोर."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. मॅडमनी सांगितलं. घरातल्या प्रत्येकाला कोरोना होऊन गेलेला, सासूलासुद्धा. फक्त सुनेच्या रक्तात अँटीबॉडीचा मागमूस नव्हता.

नवऱ्यानं मान खाली घातली.

सासू मात्र क्षणात सावरली. "पाह्यलं? मी हिले दूर ठेवली, म्हणून वाचली!"

सून उठली. सगळ्यांच्या देखत आत गेली, माठात पेला बुडवला आणि उंबरठ्यात उभी राहून घटाघटा पाणी प्याली.